आधी बघा, मग जेवा

मस्कतमध्ये रेनकोट घेऊन फिरणारा एकच माणूस मी आजवर पाहिला. तो आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. वर्षातून चार दिवस पाऊस पडला तर पडला, अशा त्या देशात हे गृहस्थ दर शुक्रवारी सकाळी हातावर घडी केलेला रेनकोट, दुसऱ्या हातात काठी, पाठीला पिशवी आणि पिशवीला बांधलेलं घडीचं स्टूल अशा थाटात जिना उतरायचे. मी एकदा दारातच अडवलं.

"बाहेर आग ओकतेय. हे कशाला?"

"आक्का, डोंगरात जाताना हवेवर विश्वास ठेवू नये."

"हवेवर नका ठेवू. डोळ्यांवर तरी ठेवा."

त्यांना राग आला नाही. तसा त्यांना राग दोनच गोष्टींचा यायचा. बघायच्या आधी कुणी खाल्लं तर, आणि बघताना कुणी बोललं तर.

मस्कतच्या वादी कबीर भागात आमच्या इमारतीखाली सगळी गॅरेजं आहेत. त्यातल्या एकात माझा मुलगा फोरमन. मी गेले होते नातवंडं सांभाळायला. ती मोठी झाली, इंग्रजीत भांडायला लागली, त्यांना माझी गरज उरली नाही. पण सुनेला स्वयंपाकाची सवय नव्हती म्हणून मी तिथेच राहिले. वरच्या गृहस्थांची बायको पुण्याला. त्यांचा रात्रीचा डबा माझ्याकडून जायचा. डबा परत यायचा तो माझ्यापेक्षा स्वच्छ घासलेला. त्यावरूनच मी ओळखलं की या माणसात काहीतरी बिघाड आहे.

ते अल् खुवैरला एका रस्त्यांच्या कंपनीत नकाशे काढायचे. तरुणपणी कुठल्याशा कंपनीने त्यांना दोन वर्षं इंग्लंडला शिकायला धाडलं होतं. तिथे काम काय शिकले ते मला ठाऊक नाही. पण त्यांची घरमालकीण, एक विधवा म्हातारी, त्यांना दर रविवारी रानात फिरायला न्यायची, आणि तिने शिकवलेलं मात्र ते मरेपर्यंत विसरणार नाहीत. गाईंच्या मधून, चिखलातून, पावसातून पाच-सात मैल चालायचं. वाटेत फाटक आलं की उघडायचं आणि पाठीमागे लावून घ्यायचं. कुणी भेटलं की हवेबद्दल एक वाक्य बोलायचं, दोन नाही. दगड, पान, फूल काही उचलायचं नाही. टेकडीवर पोचलं की अर्धा तास गप्प बसून बघायचं. आणि मग, सगळ्यात शेवटी, पावात चीज घालून खायचं.

"केवढी असायची टेकडी?" मी विचारलं.

"उंची नाही विचारायची आक्का. त्या अख्ख्या देशातला सगळ्यात उंच डोंगर आपल्या कळसूबाईच्या छातीला लागणार नाही. पण प्रत्येक टेकडीला नाव, प्रत्येकीला पायवाट, आणि वर एक बाक. बाकावर कुणा मेलेल्या माणसाचं नाव कोरलेलं. त्याला ही जागा आवडायची म्हणून."

"मेल्यावर बाक कशाला? जिवंत असताना चटई द्यायची होती."

यावर त्यांनी रेनकोटाची घडी उलगडून पुन्हा घातली. बहुतेक विचार करत असावेत.

ओमानात काकांची (पोरांमुळे सगळेच त्यांना काका म्हणायचे) पंचाईत अशी की तिथे फाटकंच नाहीत. डोंगर उघडा, वादी म्हणजे कोरडी नदी, तीही उघडी, कुठूनही जा. एकदा निझव्याच्या बाजूला त्यांना एक फाटक दिसलं. पत्र्याचं, उघडं. केवढा आनंद झाला त्यांना. आम्ही सगळे पलीकडे गेल्यावर त्यांनी ते ओढून घेतलं, वर तार गुंडाळली. ते कुणाच्या तरी बकऱ्यांचं होतं, आणि बकऱ्या बाहेर चरत होत्या. आम्ही परत आलो तेव्हा वीस बकऱ्या उन्हात फाटकाला डोकी लावून उभ्या, आणि त्यांची म्हातारी मालकीण काठी घेऊन उभी. काकांनी तिला हवेबद्दल वाक्य सांगितलं, "अल्-यौम हार." म्हणजे आज गरम आहे. ती जे बोलली ते मला अरबी येत नसूनही समजलं.

त्यांच्याबरोबर जायचो आम्ही दोन घरं. बँकेतल्या बाई, त्यांचा नवरा, माझा मुलगा, सून, पोरं. का जायचो ते सांगता येणार नाही. त्यांना वाटा माहीत होत्या हे एक. आणि दुसरं म्हणजे परदेशात शुक्रवार फार लांबलचक असतो.

गाडी ते मुद्दाम लांब लावायला सांगायचे. "गाडी जाते तिथे निसर्ग नसतो, पार्किंग असतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जमीन खचून झालेला तो मोठा खड्डा आहे ना, खाली निळं पाणी असलेला, तिथे आम्ही गेलो तर पोरं घरूनच पोहायचे कपडे घालून आलेली. काकांनी त्यांना कठड्याशी रांगेत उभं केलं. आधी वरून अर्धा तास बघायचं, मग उतरायचं. पोरं रडली. बँकेतल्या बाई म्हणाल्या, "अहो काका, पाण्यात उतरल्यावर पाणी दिसेलच की!" काका म्हणाले, "उतरल्यावर फक्त ओलं लागतं."

अर्धा तास झाला की परीक्षा. प्रत्येकाने काय दिसलं ते सांगायचं. 'छान' म्हणायला बंदी. 'मस्त'लाही. पहिल्यांदा मी गेले तेव्हा बाकीच्यांनी ढग, शांतता, देवाची करणी असलं काय काय सांगितलं. माझी पाळी आल्यावर मी म्हटलं, "पलीकडच्या काळ्या बकरीचा मागचा डावा पाय लंगडा आहे." काका स्टुलावरून उठले. वहीत लिहून घेतलं. "आक्कांनी बघितलं," म्हणाले. त्या दिवसापासून पुढच्या सीटवर मी. बँकेतल्या बाईंना ते आवडलं नाही, पण गुडघा माझा दुखत होता, त्यांचा नाही.

वहीत ते दर जागेला दहापैकी मार्क द्यायचे. दहा कुणालाच नाहीत. आठ दोनदा की तीनदा.

एक जागा मात्र ते कुणाला दाखवत नसत. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी एकटेच जायचे. विचारलं की म्हणायचे, "पाणी आहे थोडं." अठरा वर्षं हे चाललं होतं. मग त्यांच्या नोकरीची मुदत संपत आली. वय झालं, कंपनी व्हिसा वाढवणार नव्हती. महिन्याभरात कायमचं पुण्याला. तेव्हा एके दिवशी डबा परत द्यायला स्वतः खाली आले आणि म्हणाले, "आक्का, येत्या शुक्रवारी तुम्हा सगळ्यांना नेतो. मी गेल्यावर कुणीतरी बघायला पाहिजे तिथे." त्या माणसाने कधी कुणाकडे काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं.

ते गाव रुस्ताकच्या पुढे, डोंगराच्या कुशीत. डोंगरातून झरा निघतो, त्याचं पाणी दगडी पाटातून गावात येतं. त्याला फलज म्हणतात. झऱ्याशी एक कुंड आहे, तीच काकांची जागा. वाटेत एका झाडाखाली आम्ही सामान ठेवलं. कुंडापर्यंत चढ होता, मी म्हटलं माझा गुडघा नाही म्हणतोय. काका माझ्या मुलाला आणि बँकेतल्या बाईंच्या नवऱ्याला घेऊन वर गेले. बायका-पोरं माझ्याजवळ.

आता पोरं सकाळी सहाला उठलेली. मटणाच्या रश्श्याचं पातेलं उघडंच होतं म्हणा, वास सुटला होता. बँकेतल्या बाई म्हणाल्या, "आक्का, ते बघून येईपर्यंत आम्ही काय वास खायचा?" आम्ही जेवलो. पोटभर जेवलो, पुरुषांचं डब्यात काढून ठेवलं. जेवल्यावर मला धास्ती पडली. खरकटं पातेलं बघितलं की काका अर्धा तास भाषण देणार. शेजारी पाटाचं पाणी खळखळ वाहत होतं. मी पिशवीतून घासणी आणि हिरवा साबण काढला, आणि पातेलं त्या पाण्यात धरलं.

मी कोकणातली. आमच्या पोफळीच्या बागेला पाटानेच पाणी यायचं. पाळीने यायचं. पाटात पाय बुडवला तर आजोबा वेताची छडी काढायचे. पाट म्हणजे काय ते मला चौथीच्या पुस्तकाआधी कळलं होतं. तरी मी साबण लावला. परक्या गावात गेलं की माणूस आंधळा होतो, दुसरं काय. माझ्याकडे याला दुसरं कारण नाही.

लाल तवंग पुढे, त्याच्यामागे फेस, असं ते गावात गेलं. दिवस शुक्रवारचा. खाली मशिदीपाशी पुरुष नमाजाआधी हातपाय धूत बसलेले. पाच मिनिटांत एक म्हातारा ओमानी, झगा गुडघ्यापर्यंत भिजलेला, काठी आपटत वर आला. पाण्याचा कारभार बघणारा तो. त्याला तिथे वकील म्हणतात, कोर्टाशी संबंध नाही. उमेदीची वर्षं मत्रहच्या बाजारात काढलेला, त्यामुळे हिंदी चांगली.

"ये पीने का पानी है! सब बाहर! यल्ला!"

तेवढ्यात काका वरून आले. वकिलाने त्यांच्याकडे काठी केली. "तुम भी. खलास. इधर वापस नहीं आने का."

काकांनी फेसाकडे बघितलं. पातेल्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही. गाडीत दोन तास रेनकोट मांडीवर घेऊन बसले होते.

पुढच्या शुक्रवारी जिन्यात काठीचा आवाज झाला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. डबा मात्र तसाच लखलखीत घासून यायचा. मला तो बघवेना. बँकेतल्या बाई म्हणाल्या, "मिठाईचा खोका पाठवू या का त्या गावाला?" मी म्हटलं, "साबण मी घातला, खोका काय बोलणार?" मी आयुष्यात कुणाची माफी मागितलेली नाही. नवऱ्याचीही नाही, त्याला तशी वेळच दिली नाही. पण काकांच्या जाण्याला दोन शुक्रवार उरले होते आणि ते खोलीत बसून भिंत बघत होते. त्या भिंतीला ते किती मार्क देणार?

मी मुलाला म्हटलं, "गाडी काढ."

वर जाऊन काकांना म्हटलं, "चला."

"त्यांनी नाही म्हटलंय आक्का. जमीन ज्याची त्याने नाही म्हटलं की पाऊल टाकायचं नाही. इंग्लंडच्या म्हातारीनं शिकवलंय."

"पाऊल मी टाकते. तुम्ही गाडीत बसा."

आले. गावाबाहेर एका बाभळीखाली स्टूल मांडून बसले, गावाकडे पाठ करून. मी आणि मुलगा आत गेलो.

वकील अंगणात खजुराच्या पेंढ्या बांधत होता. मला ओळखलं. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

"साबुन मैंने डाला. गलती मेरा. वो साहब का कुछ गलती नहीं."

"बर्तन इधर क्यों धोया? घर में पानी नहीं तुम्हारे?"

"डर के मारे धोया."

"किसका डर?"

"वोही साहब का. उसका कायदा है, पहले देखने का, पीछे खाने का. हम लोग पहले खाया. वो आने से पहले बर्तन साफ करना था."

म्हाताऱ्याने हातातली पेंढी खाली ठेवली. आत बघून बायकोला हाक मारली आणि तिला अरबीत सांगितलं. ती भिंतीला टेकून हसली. मग माझा हात धरून मला पाटाच्या काठाने खाली घेऊन गेली. हातानेच दाखवत गेली: इथे प्यायचं, इथे मशिदीचं, इथे पुरुषांची आंघोळ, इथे बायकांची, आणि इथे, सगळ्यात शेवटी, भांडी. मग घरातून स्वतःची दोन काळी भांडी आणून माझ्यापुढे ठेवली. मी घासली. चांगली घासली. साबणाचं प्रकरण तिथे मिटलं.

मला वाटलं, झालं. काकांना बोलवावं. पण वर आले तर वकिलाचा चेहरा बदललेला.

"अब तुम बताओ, अम्मा. वो आदमी कौन है?"

"कौन म्हणजे?"

"अठारह साल से आता है. नहाता नहीं. खाता नहीं. फोटो नहीं निकालता. मैं बोलता हूँ कहवा पियो, बोलता है शुक्रन, पहले देखेगा. देखता है, कॉपी में लिखता है, जाता है. ऐसा आदमी क्यों आता है?"

वकील पुढे म्हणाला, गावात सगळ्यांना वाटतं की हा पाणी मोजतो. एक दिवस त्याची कंपनी येणार, वर डोंगरात बोअर मारणार, फलज आटणार. काका गेले की दर महिन्याला हा वकील स्वतः कुंडात काठी घालून पाणी बघायचा, कमी झालं का म्हणून. अठरा वर्षं. साबण घातलेल्या बाईला गावाने दोन भांड्यांत सोडलं होतं. ज्याने एक खडासुद्धा उचलला नाही, त्याच्यावर सगळं गाव डोळा ठेवून होतं.

"कुछ नहीं चाहिये उसको," मी म्हटलं. "थोडा मजनून है." मजनून म्हणजे वेडा, एवढा एक अरबी शब्द मी शिकले होते.

"काम क्या करता है?"

माझा मुलगा खरं बोलणाऱ्यांतला. लगेच म्हणाला, "नक्शा बनाता है."

"देखा!" वकील बायकोकडे वळून म्हणाला.

मी मुलाला डोळ्यांनीच गप्प केलं आणि बाभळीकडे धाडलं. "वहीसकट घेऊन ये त्यांना. नाही म्हणाले तर स्टुलासकट उचल."

काका आले. फाटक नव्हतंच, तरी अंगणाच्या तोंडाशी क्षणभर थांबले. वकिलाला म्हणाले, "अल्-यौम हार." वकिलाने वहीकडे बघितलं. मी काकांच्या हातातली वही घेतली, त्या गावाची पानं काढली आणि मोठ्याने वाचायला लागले. वाचायचं मराठीत, सांगायचं माझ्या हिंदीत.

"पानी का कलर आज हरा. दो मेंढक." "डाव्या बाजू का आम, एक फांदी टूटा हुआ." "पानी पे एक लाल चतुर... चतुर को क्या बोलते हैं रे? पंख होता है. वो. बहोत देर बैठा." पानामागून पान हेच. पाण्याच्या मापाचा एकही आकडा नाही, फक्त वर तारीख आणि कडेला मार्क.

"ये सात क्या है?" वकिलाने बोट ठेवून विचारलं. काका आकडे इंग्रजी काढायचे, ते त्याला वाचता येत होते बहुतेक.

"मार्क. दस में सात."

"सात?" म्हातारा ताठ झाला. "मेरे पानी को सात? क्यों? तीन किधर गया?"

मी काकांकडे बघितलं. काका खालमानेने म्हणाले, "फाटक नाहीये म्हणून."

मी ते हिंदीत सांगितल्यावर वकिलाने त्यांना डोक्यापासून पायापर्यंत बघून घेतलं. मग म्हणाला, "हाँ. मजनून है." आणि बायकोला काहीतरी आणायला सांगितलं.

कहवा आला, खजूर आला. काकांनी सवयीने हात छातीशी नेला. "शुक्रन, पहले—"

"गप बसा नि खा," मी म्हटलं. "नाहीतर हे लोक पुन्हा काठी घेऊन पाणी मोजतील."

त्यांनी खाल्लं. मग मोठी परात आली, भात आणि वर मटण. एकाच परातीत सगळ्यांचे हात. काकांचा हात पहिल्यांदा कडेकडेने फिरत होता. वकिलाने मटणाचा मोठा तुकडा सोडवून त्यांच्यापुढे सरकवला आणि वहीकडे मान केली. "वो फांदी टूटा बोला ना? वो किस टाइम का है?"

काकांनी डाव्या हाताने पान उलटलं. सांगितलं.

"सही है. उस साल तूफान आया था. मेरा वो झाड़ मेरे बाप ने लगाया था."

"दोन महिन्यांनी नवीन पालवी आली," काका म्हणाले, आणि पान काढून दाखवलं.

मग ते दोघे सुरूच झाले. कुठल्या वर्षी पाणी गढूळ आलं, कुठल्या वर्षी बेडूक आलेच नाहीत, कुंडातला तो मोठा दगड कधी हलला. काका एक सांगायचे, वकील म्हणायचा, नहीं, वो उसके पहले, आणि काका वही पुढे करायचे. एकदा वही चुकली, असं वकिलाने सिद्ध केलं. काकांनी पेन्सिल काढून दुरुस्ती केली. त्या एका पाण्याकडे एवढं लक्ष दिलेली दोनच माणसं जगात होती, आणि ती अठरा वर्षं एकमेकांना चोर समजत होती. निदान एक दुसऱ्याला. मी आणि त्याची बायको भांडी घेऊन पुन्हा खाली गेलो, घासून आलो, तरी चाललंच होतं. माझा मुलगा भिंतीला टेकून झोपला.

निघालो तेव्हा डोंगराच्या सावल्या गावावर आल्या होत्या. गाडी रुस्ताकच्या गोल चौकात शिरली आणि काका एकदम पुढे वाकले.

"अरे, पाणी बघायचं राहिलं."

"फिरवू का गाडी?" मुलाने विचारलं. "अजून उजेड आहे काका."

काका मागे वळून डोंगराकडे बघत होते. मुलगा चौकाला वळसा घालत राहिला. एक झाला. दुसरा झाला. मागून कुणीतरी हॉर्न दिला. "आये, काय करू?" मुलगा म्हणाला. मी म्हटलं, "फिरत राहा. विचार करताहेत."

तिसऱ्या वळशाला काका सीटला टेकले.

"घरी चल. पुढच्या शुक्रवारी जेवायला बोलावलंय त्यांनी. तेव्हा बघू."

तेव्हाही ते परातीपाशी वही उघडून बसले, पाणी काही बघितलं नाही.